आधी नोंदवही, मग रंगरंगोटी : अजब बंगल्याच्या नैसर्गिक इतिहास विभागासाठी खुले पत्र

प्रति,
संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन
आणि
अभिरक्षक, मध्यवर्ती संग्रहालय, नागपूर

महोदय,

मध्यवर्ती संग्रहालयाच्या, म्हणजे अजब बंगल्याच्या, नैसर्गिक इतिहास विभागावर यापुढे जो पहिला रुपया खर्च होईल, तो नमुन्यांची मोजदाद, त्यांच्या चिठ्ठ्या आणि ॲक्सेशन रजिस्टर (संग्रहात आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंदवही) यांवर व्हावा, एवढीच आमची मागणी आहे. नव्या काचा, दिवे, भिंतीवर रंगवलेले जंगल, टच-स्क्रीन हे सगळे त्यानंतर. हा क्रम का हवा आणि हे काम प्रत्यक्ष कसे करायचे, ते या पत्रात मांडतो आहोत. आम्ही नागपुरात प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र आणि नमुन्यांचे जतन या विषयांत काम करणारी माणसे आहोत.

हे संग्रहालय १८६३ चे. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेम्पल यांच्या कारकिर्दीत ते उभे राहिले. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला स्टीफन हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतत असताना पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. नागपूरकरांना हे नाव कॉलेजमुळे माहीत असते. पण हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात नागपूर परिसराच्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर जो निबंध लिहिला, तो या भागातल्या निसर्गविज्ञानाचा पाया आहे. सीताबर्डीची टेकडी आणि टाकळी इथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणारा गाळाचा पातळ पट्टा त्यांनी नीट तपासला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते. म्हणजे एक लाव्हाप्रवाह थंड झाल्यावर आणि दुसरा येण्याआधी इथे तळी भरण्याइतका काळ गेला होता. आपल्या पायाखालचा काळा दगड एका दमात ओतला गेलेला नाही, हे त्या बोटभर शंखांनी दाखवून दिले. मंगळी गावाजवळ मिळालेल्या उभयचराच्या कवटीला रिचर्ड ओवेन यांनी लंडनमध्ये ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. नागपूर परिसरातल्या वनस्पतींच्या आणि कीटकांच्या जीवाश्मांवरही तिथे स्वतंत्र निबंध निघाले.

या सगळ्या कामाला किंमत आली ती प्रत्येक तुकडा कोणत्या गावचा आणि कोणत्या थरातला याची नोंद झाली म्हणून. टाकळीचा बराच भाग आज वस्तीखाली गेला आहे. तिथे पुन्हा खणून पाहता येणार नाही. तिथला शंख आता कुठे असेल तर एखाद्या पेटीत, आणि सोबतची चिठ्ठी गेली असेल तर तो नुसता शंख.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथल्या नांगरलेल्या शेतांत लॅमेटा या डायनोसॉरच्या काळातल्या थरातली हाडे आणि त्याच थरातले कोप्रोलाइट, म्हणजे दगड झालेली विष्ठा, वर येते. १९३९ मध्ये भूशास्त्रज्ञ मॅटली यांनी या कोप्रोलाइटांचे वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रकाशनात छापले. त्या वेळी आकार, लांबी-रुंदी, पृष्ठभागावरच्या खुणा एवढेच अभ्यासता येत होते. पुढे २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याचे कोप्रोलाइट विरघळवून त्यातले वनस्पतींचे सूक्ष्म सिलिकाकण वेगळे केले, तेव्हा त्यात गवताचे कण निघाले. भात आणि बांबू ज्या गटांत येतात त्यांच्या जवळची गवते डायनोसॉर असतानाच पृथ्वीवर होती, हे त्यावरून कळले. तोवर गवताचा प्रसार डायनोसॉर संपल्यानंतरचा मानला जात असे. १९३९ मध्ये ही तपासणी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. म्हणून आमचा आग्रह असा, की जीवाश्म चकचकीत दिसावा म्हणून त्याला वॉर्निश लावू नये, ॲसिडने धुऊ नये, फटी प्लास्टर ऑफ पॅरिसने भरू नयेत. चिकटलेली मातीसुद्धा खरडू नये, कारण कोणता थर हे पुढे त्या मातीवरूनच ठरू शकते. कामठी, सिलेवाडा, उमरेडकडच्या कोळशाच्या पट्ट्यातले ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे असतील तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. अशा दगडात पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे बारीक कण असतील तर दमट हवेत त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन आम्ल तयार होते, पांढरट-पिवळी भुकटी सुटते आणि ठसा पापुद्र्यासारखा निघून येतो. ही पेटी सिलिका जेल घालून, सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवूनच बंद करावी.

आता रानपिंगळा. १८७२ मध्ये पक्षिसंग्राहक ब्लुइट यांना तेव्हाच्या मध्य प्रांतात, आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात, हे छोटे घुबड मिळाले. पुढच्याच वर्षी पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी त्याला ब्लुइट यांचे नाव दिले. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना जमा झाला नाही आणि जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याच्या सातच कातड्या उरल्या. एका कातडीच्या चिठ्ठीवर मात्र गुजरातेतले मांडवी हे ठिकाण आणि १९१४ हे साल होते. संग्राहक म्हणून नाव रिचर्ड माइनर्टझागन यांचे. या चिठ्ठीवर विसंबून पक्षी चुकीच्या भागातही शोधला गेला. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ती कातडी बारकाईने तपासली. ती ब्रिटिश म्युझियममधून चोरून, उसवून, पुन्हा भरून तिच्यावर खोटी चिठ्ठी बांधलेली होती. मुळात ती जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात १८८० च्या दशकात केलेली; कातडी तयार करण्याच्या त्यांच्या खास पद्धतीच्या खुणा आत शिल्लक होत्या. मांडवी बाजूला ठेवून खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागांकडे शोध वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी. नंतर तो मेळघाटातही आढळला आणि आज मेळघाट हा त्याचा मोठा आधार आहे. एक खोटी चिठ्ठी आणि सहा खऱ्या चिठ्ठ्या यांतला हा फरक आहे.

म्हणून मोजदाद कशी करायची ते सविस्तर सांगतो.

दोन माणसांची जोडी असावी, एक हाताळणारा आणि एक लिहिणारा. एकच माणूस दोन्ही करू लागला की हातमोज्यांचा घाण हात रजिस्टरला लागतो आणि आकडे चुकतात. नमुना हलवण्याआधी तो आहे त्या जागी फोटोत घ्यावा. कपाट, फळी, शेजारचा नमुना दिसला पाहिजे. जुन्या संग्रहात चिठ्ठी गळून शेजाऱ्याच्या पायाशी पडलेली असते आणि हा पहिला फोटोच पुढे ती कोणाची ते सांगतो. मग डावी, उजवी, पुढची, मागची बाजू सेंटिमीटरची पट्टी आणि रंगपट्टी ठेवून घ्यावी. चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंचा वेगळा फोटो. पाटाच्या तळाशी, काचपेटीच्या मागे, पायाच्या तारेवर रंगवलेले क्रमांक शोधावेत. प्रत्येक आकडा जसाच्या तसा उतरवावा, अर्थ लागो न लागो. अशा गतीने एक जोडी दिवसाला वीस-पंचवीस नमुने नीट करू शकते. याहून वेग वाढवला की चुका वाढतात.

जुनी चिठ्ठी कधीही काढू नये, चुकीची असली तरीसुद्धा. तिच्याशेजारी नवी बांधावी. जुने शास्त्रीय नाव खोडू नये. नवे नाव, ठरवणाऱ्याचे नाव आणि साल वेगळ्या ओळीत लिहावे. ठिकाणाबाबत तर फारच जपावे लागते. जुन्या चिठ्ठीवर ‘चांदा’ असेल तर रजिस्टरात सरळ ‘चंद्रपूर’ लिहिणे चूक आहे. जुन्या चांदा जिल्ह्यात आजचा गडचिरोलीही येत होता. तो १९८२ मध्ये वेगळा झाला. रानम्हशीच्या शिंगांवर ‘चांदा’ लिहिले असेल तर ती गडचिरोलीतल्या कोलामार्काच्या बाजूची की आणखी कुठली, हा प्रश्न संशोधकासाठी उघडा राहिला पाहिजे. म्हणून ‘चिठ्ठीवरचे ठिकाण’ आणि ‘आजचे संभाव्य ठिकाण’ असे दोन रकाने ठेवावेत.

नवी चिठ्ठी सुती चिंध्यांपासून केलेल्या आम्लरहित कागदावर, पिगमेंटच्या शाईने किंवा साध्या पेन्सिलने लिहावी. बॉलपेन उडते. जेल पेन पसरते. लेझर प्रिंटची अक्षरे अल्कोहोलच्या बरणीत काही वर्षांत सुटून तळाशी बसतात. बरणीतली चिठ्ठी आतच हवी. बाहेर डिंकाने चिकटवलेली चिठ्ठी झुरळे आणि कसर खातात. हे सगळे डार्विन कोर या आंतरराष्ट्रीय साच्याच्या रकान्यांत भरले तर पुढे जीबीआयएफसारख्या जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात सहज जाते. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर नको. साधी स्प्रेडशीट पुरते, पण तिच्या तीन प्रती तीन इमारतींत असाव्यात. दिल्लीचे राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे आगीत गेले. २ सप्टेंबर २०१८ ला रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. नोंदींच्या प्रती बाहेर असतील तर अशा वेळी निदान माहिती तरी मागे राहते.

या कामाला हात लावण्याआधी एक गोष्ट मात्र पक्की करावी लागेल, ती म्हणजे विष. अठराव्या शतकात फ्रान्सच्या मेत्झ शहरात बेकूर यांनी आर्सेनिकचा साबण तयार केला आणि पुढे दीड-दोनशे वर्षे जगभर पेंढा भरणाऱ्यांनी तो कातडीच्या आतून चोळला. पांढरे आर्सेनिक, साबण, पोटॅशियम कार्बोनेट, चुना आणि कापूर असे त्याचे मिश्रण. काही ठिकाणी पाऱ्याचे क्लोराइड आणि नंतरच्या काळात डीडीटी हे कीटकनाशकही वापरले गेले. म्हणून १९८० च्या आधीचा प्रत्येक पेंढा भरलेला प्राणी विषारी धरूनच चालावे. डोळ्यांच्या कडा, चोचीचे मूळ, पोटावरची शिवण, पायाचे तळवे इथे पांढरी भुकटी दिसली तर ती निव्वळ धूळ समजू नये. क्ष-किरण प्रतिदीप्तीचे हातात धरायचे यंत्र लावून काही सेकंदांत, नमुन्याला धक्का न लावता आर्सेनिक आणि पारा तपासता येतो. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय आणि नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, एवढ्या संस्था ज्या शहरात आहेत, तिथे या तपासणीसाठी बाहेरगावी जाण्याची गरज पडू नये. एक लेखी विनंती पुरेल.

सगळ्यात धोक्यात असतो तो सफाई कर्मचारी. कोरड्या फडक्याने किंवा पिसांच्या झाडूने वाघाची पाठ झटकली की आर्सेनिकची धूळ त्याच्या श्वासात जाते आणि उरलेली शेजारच्या कपाटावर बसते. फडके, झाडू आणि ओले पोछे या तिन्हींना दालनातल्या नमुन्यांवर बंदी हवी. बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम, कमी खेच, नळीच्या तोंडाला नायलॉनची जाळी, हातात मऊ ब्रश. केस आणि पिसे ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने, डोक्याकडून शेपटीकडे. नायट्राइलचे हातमोजे, एन-९५ मास्क, वेगळा ॲप्रन. ॲप्रन घरी धुवायला न्यायचा नाही. कंत्राटी माणसाकडून हे काम प्रशिक्षणाशिवाय करवून घेणे आम्हाला अजिबात मान्य नाही. शाळेच्या सहलींत मुलांना हात लावायला द्यायचे असेल तर त्यासाठी आर्सेनिकऐवजी बोरॅक्स वापरून केलेली नवी कातडी, स्वच्छ शिंगे, साळींदराचे काटे अशी वेगळी पेटी ठेवता येते. मुलांनी स्पर्श केलाच पाहिजे. फक्त जुन्या नमुन्यांना नको.

नागपूरच्या हवेचा प्रश्न पुस्तकांत मिळत नाही, कारण ती पुस्तके थंड देशांची. मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास. ऑगस्टमध्ये तीच ऐंशीच्या पुढे. कातडी कोरडी पडली की आकसते. आत लाकूड, तार आणि पेंढा तसाच असतो, म्हणून ताण शिवणीवर येतो आणि ओठ, कान, बोटांच्या बेचक्या व पोट फाटते. पावसाळ्यात तीच कातडी ओल धरते, ६५ टक्क्यांच्या वर बुरशी उगवते. वर्षाचा हा चढउतार हळूहळू होतो तोवर नमुना बराचसा सोसतो. नासधूस करतो तो कूलर. दालनात खसाच्या ताट्या लावलेला कूलर सकाळी दहाला सुरू झाला की तासाभरात आर्द्रता साठ-सत्तरवर जाते आणि संध्याकाळी बंद केला की रात्रीतून पुन्हा खाली येते. होळीपासून मृगापर्यंत रोज हा एक हिसका. प्रेक्षकांसाठी कूलर हवेतच, उन्हाळा नागपूरचा आहे. पण ते व्हरांड्यात आणि मार्गिकेत असावेत, नमुन्यांच्या काचपेट्या रबरी गॅस्केटने बंद असाव्यात आणि प्रत्येक पेटीत आर्द्रता धरून ठेवणारे सिलिका जेल असावे. आकडा ५० चाच हवा असा हट्ट नको. एका दिवसात दहा टक्क्यांहून अधिक बदल नको, एवढे साधले तरी बरेच झाले. दर पंधरा मिनिटांनी नोंद घेणारे डेटा लॉगर प्रत्येक दालनात दोन, एक पेटीच्या आत आणि एक बाहेर. वर्षभराचा आलेख हातात आला की वातानुकूलनावर किती खर्च करायचा ते ठरवावे, त्याआधी नाही. प्रकाश ५० लक्सच्या आसपास. खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म. निळकंठाचा निळा रंग टिकाऊ असतो, पण खंड्याचा तपकिरी आणि हळद्याचा पिवळा उडतो आणि परत येत नाही.

फाटलेली शिवण एम-सील, फेविकॉल किंवा ऑइलपेंटने भरू नये. ते सुकून कातडीपेक्षा कडक होतात आणि पुढच्या उन्हाळ्यात भेग शेजारीच पडते. जपानी टिश्यू आणि पुन्हा सोडवता येणारा चिकटपदार्थ, एवढाच उपाय योग्य.

किडीचे थोडक्यात. नमुन्याखाली बारीक भुसा, केसाळ अळ्यांच्या रिकाम्या काती किंवा झडलेले केस दिसले म्हणजे कातडीखाऊ भुंगेरे आत आहेत. तो नमुना जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून सीलबंद करावा, उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये १४ दिवस ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये, नाहीतर थंड कातडीवर दव धरते. भुंगेरे दिसले आणि लगेच फवारणी केली, असे करू नये. तेलकट फवारा केसांवर धूळ धरतो आणि आतली अळी जगते. चिकट सापळे दर महिन्याला तपासून त्यावरची संख्या लिहून ठेवली की कोणत्या खिडकीतून कीड येते ते सहा महिन्यांत कळते.

बरण्यांकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. ७० टक्के अल्कोहोल असलेल्या बरणीतून अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडते. पातळी खाली गेली म्हणून पुन्हा ७० टक्क्यांचेच भरले की बरणीतले प्रमाण सत्तरला कधीच पोचत नाही आणि दरवर्षी खाली सरकते. पन्नासच्या खाली गेले की ऊती सैल होतात. म्हणून भरण्याआधी हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाने, मोजावे. एक लिटर द्रावणासाठी ९५ टक्क्यांचे ७३७ मिलिलिटर स्पिरिट घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने १००० पर्यंत न्यावे; नळाच्या जड पाण्याने ते गढूळ होते. बरणीत फॉर्मॅलिन आहे की अल्कोहोल हे ठरल्याशिवाय काहीही ओतू नये. जुने फॉर्मॅलिन आम्लधर्मी होते आणि बेडकांची, माशांची हाडे विरघळवते. स्पिरिटच्या साठ्याला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो वेळेत नूतनीकृत झाला नाही की वर्षभर बरण्या कोरड्या पडत राहतात, आणि हे शहरातल्या कितीतरी महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत घडते. त्या विभागांतून विच्छेदन गेल्यावर जुन्या बरण्या अडगळ वाटू लागल्या आहेत. त्या टाकून देण्याआधी आपल्याकडे यादी यावी, असे पत्र आपण सर्व प्राचार्यांना पाठवावे, ही आमची जोडमागणी.

संग्रह वाढायचा थांबला की त्याचे विज्ञान अर्धे होते. ब्रिटनमध्ये १९६७ साली रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतली अंडी नव्या अंड्यांशी ताडून दाखवले की डीडीटीच्या वापराबरोबर शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच पातळ झाले. जुनी आणि नवी, दोन्ही अंडी हातात होती म्हणून हे शक्य झाले. आपल्याकडे गिधाडांची संख्या १९९० च्या दशकात कोसळली, तेव्हा अशी तुलना करायला सलग संग्रह कुठे होते? नागपुरात आज नवा नमुना मिळवायला बंदूक लागत नाही. सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये जखमी पक्षी-प्राणी येतात, संक्रांतीला मांजाने कापलेले येतात, आणि काही वाचत नाहीत. त्यांची तारीख, जागा, मरणाचे कारण लिहिलेले असते. इतकी चांगली चिठ्ठी जुन्या शिकाऱ्यांनीही क्वचितच लिहिली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम १२ मध्ये संग्रहालयासाठी नमुने घेण्याच्या परवानगीची तरतूद आहे आणि ती देणारे मुख्य वन्यजीव रक्षक सिव्हिल लाइन्समध्येच, आपल्या शेजारी बसतात. वाघाचा देह शवविच्छेदनानंतर जाळला जातो आणि त्यात आम्हाला बदल नको. आम्ही बोलतो आहोत ते साळुंकी, घुबड, पिंगळा, मुंगूस, धामण यांबद्दल.

त्यासाठी लागते ते एवढेच : मेलेला पक्षी दोन पिशव्यांत घालून, मधल्या जागेत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी ठेवून, त्याच दिवशी गोठवायचा. नंतर वजन, पंख, शेपूट, पायाची मापे. लिंग आतल्या जननग्रंथी पाहून. यकृताचा आणि स्नायूचा एकेक सेंटिमीटरचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. कातडी उभी, डोळे लावून सजवायची नाही. पाठीवर निजवलेली, आत कापूस, पायाला चिठ्ठी. एका खणात अशा चाळीस मावतात. सांगाडे साफ करायला भुंगेऱ्यांची वसाहत पाळायची असेल तर ती वेगळ्या इमारतीत, संग्रहालयाच्या छताखाली कदापि नाही.

आम्ही काय देऊ शकतो तेही लिहितो. मोजदादीसाठी पदव्युत्तर विद्यार्थी, पक्षी, सरपटणारे प्राणी आणि जीवाश्म ओळखणारी माणसे, आणि हातमोजे-मास्कचा खर्च. आपल्याकडून तीन गोष्टी हव्यात : सध्याच्या ॲक्सेशन रजिस्टरची स्कॅन प्रत, मोजदादीसाठी आठवड्यातला एक ठरलेला दिवस (सोमवार सोयीचा), आणि संशोधकाने नमुना पाहायला मागितला तर तीस दिवसांत लेखी उत्तर देण्याचा नियम. आर्सेनिकच्या तपासणीचे पत्र या महिन्यातच गेले तर उन्हाळा तापण्याआधी पहिल्या दालनाचे काम सुरू होऊ शकते.

कळावे,

आपले,
नागपुरातील प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र व संग्रहजतन क्षेत्रांतील अभ्यासक